लाइव्ह विनोदी कार्यक्रमाच्या एका भागाला गुण कसे द्यायचे?

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमधले चार मित्र दर रविवारी दुपारी एकत्र बसून अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चा ताजा भाग बघतात आणि प्रत्येक जण चिठ्ठीवर दहापैकी गुण लिहितो. मागे एका भागाला एकाने आठ दिले, एकाने तीन, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. विचारणाऱ्याचं म्हणणं, एकांकिका स्पर्धेतले परीक्षक काहीतरी निकष लावूनच निकाल देत असतील, मग तेच निकष इथे कसे लावायचे? शिवाय जाता जाता एक शंका: निम्मं इंग्रजी डोक्यावरून जातं, तर सबटायटल्स लावली तर चालतील का?

परीक्षकांवर एवढा विश्वास असलेला माणूस मला पुण्यात पहिल्यांदाच भेटला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. दहा-बारा वर्षं एकांकिका लिहिल्या आणि बसवल्या, मधली चार वर्षं एका मराठी वाहिनीसाठी स्किटं लिहिली, आणि गेली अठरा वर्षं कॉलेजांच्या स्पर्धांना परीक्षकाच्या खुर्चीत बसते. लाइव्ह टीव्ही मात्र मी केलेला नाही. आपल्याकडे विनोदाचा असा कार्यक्रम लाइव्ह होतच नाही जवळजवळ. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ काय किंवा ‘चला हवा येऊ द्या’ काय, समोर प्रेक्षक असले तरी ते चित्रित होऊन, संकलनाच्या टेबलावरून आपल्यापर्यंत येतात. अडखळलेलं वाक्य परत घेता येतं, पडलेला विनोद कापता येतो. तिकडे न्यूयॉर्कमध्ये शनिवारी रात्री साडेअकरा वाजले की जे आहे ते हवेत जातं. आपल्याकडे तेव्हा रविवारचे सकाळचे नऊ वाजलेले असतात, थंडीच्या दिवसांत दहा. हा फरक डोक्यात ठेवल्याशिवाय गुण दिलेत तर दर वेळी कमीच द्याल.

आता तुमचं भांडण. ते गुणांचं नाही. चौघं चार वेगळ्या गोष्टींना गुण देताय. आठवाला एका स्किटला पोट धरून हसला आणि त्या भरात त्याने बाकीचं माफ करून टाकलं. तीनवाल्याला शेवटची वीस मिनिटं रटाळ वाटली आणि माणसाला शेवटच जास्त आठवतो. तिसऱ्याला राजकीय टोमणे पटले, म्हणून सात. आणि तुम्ही संदर्भ कळले नाहीत म्हणून कुंपणावर बसून पाच दिलेत. चौघांचंही खरं आहे, पण एकाही चिठ्ठीवर ‘भाग कसा होता’ याचं उत्तर नाही.

एक उदाहरण देते. १३ सप्टेंबर २००८चा भाग. सुरुवातीलाच टिना फे सारा पेलिन होऊन आणि एमी पोलर हिलरी क्लिंटन होऊन शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पेलिनबाईंची उपराष्ट्रपतिपदाची उमेदवारी जाहीर होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते, आणि चेहऱ्यातलं साम्य तर अंगावर यावं असं. तो प्रवेश अजूनही दाखवला जातो. आता सांगा, त्या रात्रीचा पाहुणा सूत्रधार कोण होता? जलतरणपटू मायकल फेल्प्स! बीजिंगमध्ये आठ सुवर्णपदकं घेऊन महिनाही झाला नव्हता. त्याने त्या रात्री नेमकं काय केलं हे न अडखळता सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. सुरुवातीची पाच मिनिटं इतिहासात गेली, उरलेला भाग शनिवारबरोबरच संपला. त्या प्रवेशाला दहापैकी दहा, पण भागाला? ते दोन आकडे वेगळे काढता आले की तुमचं अर्धं काम झालं.

मग भागात बघायचं काय? मी निवड आणि क्रम बघते. त्यासाठी त्यांचा आठवडा कसा जातो ते माहीत हवं. सोमवारी लेखक पाहुण्यासमोर कल्पना मांडतात. मंगळवारी रात्रभर लेखन. बुधवारी सगळ्यांसमोर वाचन, त्यात ४०च्या आसपास स्किटं वाचली जातात आणि बहुतेक तिथेच मरतात. गुरुवार-शुक्रवार पुनर्लेखन, नेपथ्य, ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं, कुठून कुठे जायचं ते बसवणं. शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, तीही प्रसारणात मावेल त्यापेक्षा लांब. त्या तालमीत कोण हसलं, कुठे हसलं हे बघून निर्माते लॉर्न मायकल्स स्किटं काढतात, क्रम बदलतात, वाक्यं उडवतात, आणि मग साडेअकरा. कार्यक्रम तयार झाला म्हणून सुरू होत नाही, साडेअकरा वाजले म्हणून सुरू होतो, असं ते स्वतःच सांगत आलेत. आपल्याकडे रंगीत तालीम आणि प्रयोग यांच्यात निदान एक रात्र तरी असते, रडून घ्यायला.

म्हणून तुम्ही जो भाग बघता तो सहा दिवसांत घेतलेल्या निर्णयांचा निकाल असतो. मी भाग बघताना कागदाच्या कडेला फक्त क्रम लिहीत जाते: सुरुवातीचा प्रवेश, पाहुण्याचं स्वगत, पहिलं स्किट, दुसरं, मधलं विनोदी बातमीपत्र, आणि पुढचं. मग बघते की स्वगतानंतरच्या पहिल्या जागी काय ठेवलंय. ती मोक्याची जागा. तिथे बेतास बात स्किट असेल तर समजा की त्या आठवड्यात भात्यात बाण कमी होते. बातमीपत्रानंतर भाग उतरणीला लागतो, हे दर वेळचंच, त्याबद्दल फार रागवायचं नाही. आणि अगदी शेवटची जागा, एकला दहा मिनिटं कमी असतानाची, ही विक्षिप्त स्किटांची राखीव जागा आहे. ती कोणासाठी लिहिलीत असा प्रश्न पडावा अशीच असतात. तुमचा तीनवाला तिथे चिडतो. मी तिथेच सावरून बसते. सुरक्षित खेळायचं ओझं तिथे नसतं, त्यामुळे लेखकाची खरी जात तिथेच कळते. तिथे फसलेल्या स्किटाचे मी गुण कापत नाही. तिथे नेहमीचंच, गुळगुळीत काही ठेवलं असेल तर कापते.

आता एकेका स्किटाकडे वळू. इथे मात्र आपले आणि त्यांचे निकष तंतोतंत सारखे आहेत.

तीनेक वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात कॉलेजच्या मुलांचं एक स्किट बघितलं. रंगमंचावर फक्त एक दार, आणि त्या दाराला साखळी. आत आजोबा. बाहेर जावई, हातात आंब्यांची पेटी. जावई बेल वाजवतो. आजोबा फटीतून डोकावतात आणि म्हणतात, “ओटीपी सांगा.” कोणीतरी फोनवर फसवल्यापासून आजोबांनी घरालाच ओटीपी लावलाय. ओटीपी गेला सासूबाईंच्या मोबाइलवर, आणि सासूबाई भिशीला. जावई घाम पुसत त्यांना फोन लावतो. सासूबाई शांतपणे म्हणतात, “जावईबापू, ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो.” सभागृह फुटलं. आजोबा झालेल्या पोराने तो हशा पूर्ण ओसरू दिला, तोवर साखळीशी चाळा करत राहिला, आणि मगच पुढचं वाक्य घेतलं. वय एकोणीस असेल. ही समज शिकवून येत नाही.

पुढे दूधवाला येतो आणि सरळ आत जातो, कारण त्याचा नंबर नोंदवलेला. मग आजोबा वर्तमानपत्र उचलायला बाहेर येतात, वाऱ्याने दार लागतं, आणि आता दोघंही बाहेर. जावई आंब्यांच्या पेटीवर बसून म्हणतो, “बाबा, ओटीपी?” मी वहीत तिथेच लिहिलं: ‘काळोख!’, म्हणजे स्किट इथेच संपायला हवं. पण काळोख झालाच नाही. आजोबा रंगमंचाच्या मध्यावर आले, पिवळा प्रकाशझोत पडला, आणि माणसांची मनं कशी कुलूपबंद झाली आहेत यावर दोन मिनिटांचं भाषण झालं. टाळ्या पडल्या. गुण मी कापले.

या एका स्किटात सगळं आहे. पहिलं, खुंटी एकच: घराला ओटीपी. सगळे विनोद तिलाच टांगलेले. दुसरं, प्रत्येक वेळी एक पायरी वर. नुसतं तेच वाक्य परत परत नाही, तर जावई, मग सासूबाई, मग दूधवाला, मग स्वतः आजोबा, असा नियम उलटत उलटत त्यालाच चावतो. तिसरं, हशा घेणारा नट. चौथं, न जमलेला शेवट.

तुम्ही हेच करून बघा. स्किट सुरू होऊन दोन मिनिटं झाली की एका वाक्यात सांगायचा प्रयत्न करा: यात विचित्र काय आहे? ‘दोन माणसं हॉटेलात बसलीत’ हे उत्तर नाही, ती जागा झाली. दोन मिनिटांनंतरही खुंटी सापडत नसेल तर लेखकालाही सापडलेली नाही, बहुतेक बुधवारी पहाटे त्याने तसंच सोडून दिलंय. आणि खुंटी सापडली पण चौथ्या मिनिटालाही तुम्ही पहिल्याच पायरीवर असाल, तर ते स्किट लांबवलंय. हा आजार तिकडे फार आहे. शेवट न सुचणं तर त्यांचं जुनंच दुखणं: कॅमेरा मागे जातो, वाद्यवृंद वाजू लागतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, संपलं. आपल्याकडे शेवट सुचला नाही की संदेश येतो, त्यांच्याकडे बँड येतो. मला विचाराल तर बँड बरा. म्हणून लंगड्या शेवटाचा मी अर्धाच गुण कापते, पण शेवटची दोन मिनिटं नुसती पुनरावृत्ती असेल तर पूर्ण.

पाहुण्याबद्दल. तो नट असेलच असं नाही, खेळाडू असतो, गायक असतो. त्याचा अभिनय कसा होता हा प्रश्नच चुकीचा. त्याला वापरला कसा, हे विचारा. २००७ साली अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू पेटन मॅनिंग आला होता. सज्जन, शिस्तीचा, समाजसेवी अशी त्याची प्रतिमा. लेखकांनी एका समाजसेवी संस्थेच्या जाहिरातीची नक्कल केली: मॅनिंग लहान मुलांना फुटबॉल शिकवतोय, आणि पास पकडता आला नाही की त्यांच्यावर खेकसतोय, चेंडू सणसणीत फेकून मारतोय. त्याला फक्त मॅनिंगच व्हायचं होतं, तेही जरा वाईट मॅनिंग. याला म्हणतात वापरणं. उलट पाहुणा दीड तास दाराशी उभा राहून ‘अरे, हे काय चाललंय?’ एवढंच विचारत असेल, तर दोष त्याचा धरू नका. लेखकांना तो सापडलेला नाही.

पण मॅनिंगचा तो प्रवेश आधी चित्रित केलेला होता. असे छोटे चित्रपट २००५नंतर फार वाढले आणि बऱ्याचदा भागातलं सगळ्यात नेटकं काम तेच असतं. साहजिक आहे, ते संकलित असतात. मी त्यांना वेगळ्या रकान्यात टाकते. भागातली सगळी चांगली कामं त्याच रकान्यात जमली तर तो भाग लाइव्ह म्हणून पडला, असं माझं स्पष्ट मत. हे कोणाला कडक वाटेल. असेन मी कडक.

नजरेचं बोलायचं राहिलं. नट एकमेकांकडे न बघता कॅमेऱ्याच्या बाजूला बघतात म्हणून तुमच्यापैकी एकाने अभिनयाचे गुण कापलेत ना? तिथे हाताने लिहिलेले मोठे पुठ्ठे धरलेले असतात. रंगीत तालमीनंतर वाक्यं बदलतात, पाठ करायला वेळच नसतो. वाचण्याबद्दल गुण कापू नका. वाचताना हशा गिळला तर कापा. म्हणजे प्रेक्षक हसताहेत आणि नट पुठ्ठ्यावरचं पुढचं वाक्य दामटतोय, अशी वेळ.

आणि बेअरिंग सुटणं, म्हणजे भूमिकेत असताना नटालाच हसू फुटणं. समोरचा हसला की आपणही हसतो, आणि मग वाटतं काय धमाल भाग होता. मे २००४मध्ये अभिनेत्री रेचल ड्रॅचचं डेबी डाउनर हे पात्र पहिल्यांदा आलं: कुटुंब सहलीला गेलंय आणि ही बाई दर वाक्याला एखादी भीषण बातमी सांगून रंगाचा बेरंग करते, मग कॅमेरा तिच्या पडलेल्या चेहऱ्यावर आणि मागे रडका भोंगा. त्या दिवशी एकेक करून सगळे कोसळले, खुद्द ड्रॅचसुद्धा. ते मला आवडतं, कारण सगळे न हसण्याची शिकस्त करत होते आणि स्किटाची खुंटीच ‘हसायचं नाही’ ही होती. पण एखादा नट दर आठवड्याला तोंड लपवून हसत असेल तर ती लाच आहे. कॉलेजच्या स्पर्धेत मी त्याला सरळ शून्य देते.

तुमच्या तिसऱ्या मित्राचा मुद्दा अवघड आहे. राजकीय प्रवेशांना तिथे टाळ्या पडतात आणि मत पटलं की आपल्यालाही ते चांगलं वाटतं. आपल्या रंगभूमीला ‘टाळीचं वाक्य’ जुनंच माहीत आहे. हशा आतून फुटतो, तो थांबवता येत नाही. टाळी आपण ठरवून देतो, ‘बरोबर बोललास’ म्हणून. त्या प्रवेशात हशे किती आणि टाळ्या किती, हे नुसतं कानाने ऐका. टाळ्या जास्त असतील तर ते भाषण आहे, मग मत तुमचंच का असेना.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर असतात आणि तिथे मी ठाम काही सांगणार नाही. सुट्टीनंतरचा पहिला भाग आणि सलग तिसऱ्या आठवड्याचा भाग यांना एकच फूटपट्टी लावायची की नाही, यावर माझंच मन दर वेळी बदलतं. तिसऱ्या आठवड्यात लेखकांचा दम निघालेला असतो, ते कळतं, पण प्रेक्षकाने त्यांचे कष्ट का मोजावेत? तुम्ही सुटे तुकडे बघता की सलग दीड तास, यानेही सगळं बदलतं. सुट्या तुकड्यांना भागाचे गुण देताच येत नाहीत, कारण क्रम गेला. आणि ज्या माणसाची नक्कल चालली आहे तो माणूसच तुम्हाला माहीत नसेल, तर त्या प्रवेशापुढे सरळ रेघ मारा आणि उरलेल्यावर गुण द्या. मीही मारते. मध्ये होणारी पाहुण्या गायकांची गाणी मी मोजतच नाही, त्या वेळात चहा टाकते.

आकडा काढायची माझी पद्धत साधी आहे. पाचापासून सुरुवात करते. दोन स्किटं चांगली, दोन पडलेली, बाकी बरी, हा या कार्यक्रमाचा नेहमीचा भाग, आणि तो पाच. खुंटी सापडलेली आणि पायऱ्या चढलेली स्किटं दोनाच्या वर गेली की एकेक वाढवते. पाहुणा नीट वापरला, एक वाढवते. मोक्याची जागा वाया घालवली, एक कमी. लाइव्ह कामापेक्षा चित्रित काम वरचढ, एक कमी. नऊच्या वर मी अजून गेलेले नाही आणि दोनच्या खाली एकदाच गेले. पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी २०२२मध्ये करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. तुमच्या चौघांत तेवढं धाडस कोणी केलं तर मला कळवा.

आता सबटायटल्स. लावा, त्यात कमीपणा कसला? फक्त पहिल्या वेळी नको. अक्षरं बहुतेक वेळा अख्खं वाक्य एकदम दाखवतात, नटाच्या तोंडून ते पूर्ण व्हायच्या आत. म्हणजे त्याने पंचलाइनआधी घेतलेला पॉज तुमच्यासाठी फुकट जातो, पंच कानाआधी डोळ्याला कळतो, आणि तुम्ही त्याच्या टायमिंगचे गुण कापता. पहिल्यांदा तसंच बघा, जिथे प्रेक्षक हसले पण तुम्हाला कळलं नाही तिथली वेळ टिपून ठेवा, आणि मग तेवढेच तुकडे सबटायटल्स लावून परत बघा. चिठ्ठ्या त्यानंतरच उघडा.